मडगार्ड बसले. आता गाडीचं काय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर चहा घेऊन वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

रविवारी मी स्टेटसला दोन लाल फायबरच्या मडगार्डांचा फोटो टाकला आणि तेव्हापासून फोन थांबेना. बहुतेकांनी विचारलं, "मिस्त्रीची गाडी अजून चालते का?" एका वकील मित्राने मात्र वेगळं विचारलं, "रस्त्यावर चालते का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही. या दोन उत्तरांच्या मध्ये जे अडकलंय त्याबद्दल लिहायचंय. त्यात माझाही हात आहे, म्हणून जास्त लिहायचंय.

मिस्त्री म्हणजे माझा शाळेतला मित्र. गॅरेज आहे त्याचं. नाव लिहीत नाही, गावाला माहीतच आहे. त्याने भंगारातली एक मारुती ओम्नी घेतली आणि तिचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, पाटे सगळं काढून चौकोनी पाइपच्या चासीवर बसवलं. दोन सीट, वर छप्पर नाही, पुढे जुन्या जीपचे दिवे. अनेकांना वाटतं ओम्नी म्हणजे ८०० सारखीच पुढच्या चाकांवर ओढणारी. तसं नाही. इंजिन तेच ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पण ओम्नीची ताकद मागच्या चाकांना जाते. म्हणूनच घरी गाडी बनवणाऱ्यांना ती सोयीची पडते.

ही गोष्ट २०२२ च्या उन्हाळ्यातली. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांचं प्रकरण तेव्हा ताजं होतं. आपल्याकडून देवराष्ट्रे काही फार लांब नाही. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथे लोहारांनी भंगारातून साधारण साठ हजारांत, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. व्हिडिओ फिरला, आनंद महिंद्रांनी डिसेंबर २०२१ मध्ये त्यावर लिहिलं, आणि जानेवारीत त्या गाडीच्या बदल्यात लोहारांच्या दारात बोलेरो आली. आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिली ती बोलेरो. महिंद्रांनी सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या तिला रस्त्यावरून थांबवलं जाईल. ते वाक्य आपण सोयीस्कर विसरलो. मीही विसरलो.

त्यामुळे मिस्त्रीची गाडी उभी राहिल्यावर मी चार कॉलम बातमी केली. 'अवलिया', 'टाकाऊतून टिकाऊ', 'ग्रामीण प्रतिभा', जे जे शब्द आम्ही अशा वेळी वापरतो ते सगळे वापरले. मागच्या उघड्या चाकांबद्दल एक आख्खं वाक्य होतं: रुबाबदार. मडगार्ड नव्हतेच. पत्र्याचे बसवायचे म्हणून पैसे शिल्लक नव्हते, आणि मला फोटोत ती चाकं तशीच छान दिसत होती. "बातमी होऊ दे, मग बसव," असं त्याला मीच म्हटलं.

बातमीनंतर एका मंडळाने सत्कार ठेवला. गाडी घेऊनच या म्हणाले. जूनचा पहिला पाऊस होऊन गेला होता, रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं, सगळीकडे खडी पसरलेली. मिस्त्री चालवत होता, शेजारी मी. मागून स्कूटीवर त्याचा भाचा आणि भाच्याचा मित्र. भाचा मागे बसून मोबाइलवर शूटिंग करत होता.

पुढचं मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

टायरने उडवलेला खडा भाच्याच्या भुवईवर बसला. तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच खाली असता तर डोळा गेला असता. मिस्त्री त्याला घेऊन दवाखान्यात गेला आणि मग तिथूनच, शर्टावर रक्ताचे डाग असताना, शाल-श्रीफळ घ्यायला स्टेजवर आला. आयोजक मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, त्या पोराचं काही छापू नका. कार्यक्रमाला गालबोट लागेल." त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी ते आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सत्काराचा फोटो छापून आला. भाच्याचे टाके नाही आले.

तीन आठवड्यांनी परिवहन खात्याचे अधिकारी गॅरेजवर आले. हातात माझ्याच बातमीचं कात्रण. माणूस चांगला होता, हे मुद्दाम सांगतो. चहा घेतला, गाडीला एक फेरी मारली, वेल्डिंगला हात लावून बघितला, "काम चांगलंय" म्हणाले. आणि मग म्हणाले, "आरसी ओम्नीची आहे, गाडी ओम्नी नाही. मी काय लिहू?" दंड झाला. गाडी उचलून नेली नाही, हे त्यांचे उपकार. पण पुन्हा रस्त्यावर दिसली तर नेईन, एवढं सांगून गेले. त्या दिवसापासून गाडी शेडमध्ये, ताडपत्रीखाली.

मिस्त्री मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. भाचा आता आयटीआय करून बाहेर पडलाय, डिझेल मेकॅनिक. त्याने मामाच्या मागे लागून गाडी बाहेर काढायला लावली. म्हणे रस्त्यावर न्यायची नसेल तरी अर्धी का ठेवायची? मिस्त्री मला म्हणाला, "मडगार्ड बसवायचेत. तू ये. त्या दिवशी शेजारी तूच बसला होतास न्हवं."

गेलो.

मडगार्ड फायबरचे करायचे ठरलं, कारण पत्र्याला गोलाई द्यायला जे मशीन लागतं ते आपल्याकडे नाही, आणि फायबरवाले काका आहेत. काका लग्नाच्या स्टेजचे खांब, हत्तीची तोंडं, मोर असलं सगळं करतात. चाकाचं मडगार्ड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं. प्लायवूड आणि पीओपीचा साचा, त्यावर पुट्टी, घासून गुळगुळीत, मेणाच्या पॉलिशचे थर. मग लाल जेलकोट, त्यावर ४५० च्या मॅटचे तीन थर रेझिनमध्ये भिजवून. जिथून बोल्ट जाणार त्या पट्टीवर आणखी दोन थर. मी हार्डनरची बाटली उघडायला गेलो तर काका ओरडले. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट घोटून घ्यायचं, मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो. "बातमीला बातमी मिळंल तुला," म्हणाले.

रविवारी सकाळी बसवायला घेतले. मला वाटलं होतं तासाभराचं काम आहे. चार भोकं पाडायची, बोल्ट आवळायचे. संध्याकाळचे सहा वाजले.

पहिली चूक सुरुवातीलाच झाली असती. गाडी जॅकवर होती, चाक खाली लोंबत होतं, मडगार्ड धरून बघितलं तर चार बोटं जागा. मी म्हटलं, मस्त, मार्क कर. भाचा म्हणाला, "काका, चाक वर येणार न्हाई व्हय?" खरंय. गाडी खड्ड्यात आदळली की पाटे दबतात आणि चाक वर येतं. आणि मागचा ॲक्सल अखंड असल्यामुळे एक चाक वर गेलं की दुसरं तिरकं होतं. मग त्याने गाडीच्या मागच्या भागात वाळूची पोती टाकली आणि एका चाकाखाली जॅक लावून ॲक्सल रबरी स्टॉपरला टेकेपर्यंत वर घेतला. त्या स्थितीत टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं जागा राहील, अशी खूण केली. मग तेच दुसऱ्या बाजूला. जॅकवर लोंबत्या चाकाने मार्क केलं असतं, तर पहिल्याच खड्ड्यात टायरने मडगार्ड खाऊन टाकलं असतं.

दुसरी गोष्ट, आपण मडगार्ड चाकाच्या वर बघतो, पण महत्त्वाची असते त्याची मागची कड. टायर मागच्या बाजूने वर जात असतो. तिथून सुटलेला खडा आधी वर उडतो, आणि मागून येणारा माणूस स्वतःच्या वेगाने त्याच्यावर येऊन आदळतो. म्हणून मागची कड जितकी खाली, तितकं मागच्याचं तोंड सुरक्षित. युरोपातल्या नियमात हे चक्क अंशांत लिहिलंय: चाकाच्या मध्यातून उभी रेषा धरली तर पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश चाक झाकलेलं हवं. पुठ्ठा कापून, कंपासपेटीतला कोनमापक लावून भाच्याने ते आखलं. त्याच्या भुवईवरचा व्रण तेव्हा माझ्या अगदी समोर होता. मी टेपचं दुसरं टोक धरून बसलो.

डाव्या बाजूची मापं उजवीकडे उतरवली तर मडगार्ड वाकडं दिसायला लागलं. दोनदा मोजलं. टेप बरोबर होती, गाडीच अकरा मिलिमीटरने वाकडी होती. मिस्त्री हसला, "बातमीत छापलंस का हे? 'अवलियाची गाडी वाकडी'?" तीन वर्षांत तो पहिल्यांदा त्या बातमीवर बोलला. मीही हसलो, पण आतून हललो.

ड्रिल मारायच्या जागी मास्किंग टेप लावली, म्हणजे जेलकोटचे टवके उडत नाहीत. बोल्ट सहाचा, भोक आठचं, कारण फायबर आणि लोखंड गरमीत सारखे फुगत नाहीत, थोडी जागा लागते. दोन्हींच्या मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी. आतून मोठे वॉशर आणि नायलॉक नट. आणि आवळायचं बेतानं. हे मिस्त्रीसारख्या लोखंडवाल्याला जड गेलं. त्याच्या हाताला सवय पाना पूर्ण घट्ट होईपर्यंत दाबायची. तिसऱ्या बोल्टला 'कट्' आवाज आला आणि जेलकोटवर केसासारखी रेघ उमटली. सगळे गप्प. काकांनी आतून मॅटचा एक तुकडा लावून ते सावरलं आणि म्हणाले, "लोखंड वाकून सांगतंय, फायबर न्हाई सांगत. थेट फुटतंय."

कापलेल्या कडा कानशीने गोल केल्या, त्यावर रबरी बीडिंग बसवली. आतल्या बाजूला गाडीच्या तळाला मारतात ते रबरी कोटिंग दोन हात मारलं, कारण आतून खडे आपटले की बाहेर जेलकोटवर चांदणीसारखे तडे जातात. हातांना दोन दिवस खाज सुटली, ती वेगळीच. मास्क लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि घरी आल्यावर आधी थंड पाण्याने अंग धुवा. गरम पाण्याने आणखी खाजवतं.

हे सगळं एवढं सविस्तर का सांगतोय? कारण हे सगळं गाडी रस्त्यावर आणण्याआधी व्हायला हवं होतं. आणि ते तपासणारं कुणीच नव्हतं. मी नाही, सत्कार करणारे नाहीत, आणि खरं सांगायचं तर सरकारही नाही.

आता कायद्याचं. १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो की नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही. कलम ५२ सांगतं की आरसीवर कंपनीने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी विसंगत बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं: बेकायदा बदल केला तर एका बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि नवी गाडी म्हणून नोंदवायची म्हटली तर नमुना गाडीची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत करावी लागते. ती सगळी पद्धत हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आहे. शेडमध्ये एकच गाडी बनवणाऱ्या माणसाने त्या रांगेत कुठे उभं राहायचं?

हे नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. भाच्याच्या भुवईकडे बघून तर अजिबात नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. त्या दिवशी स्कूटीवर भाचा नसता, कुणी परका असता, त्याचा डोळा गेला असता, तर भरपाई कुणी दिली असती? मिस्त्रीचं गॅरेज विकलं गेलं असतं. मी काय दिलं असतं, बातमीचं कात्रण?

पण नियम असणं आणि मार्ग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या एकेका गाडीसाठी स्वतंत्र तपासणी आहे. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सीटबेल्ट, धारदार कडा, मडगार्ड, सगळं बघतात. नापास झालात तर कशात ते लिहून देतात. दुरुस्त करून परत जायचं. पास झालात तर नंबर मिळतो. तिथे लोक सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये हेच करत बसतात, फायबरची मडगार्डं बसवत, कडांना रबर लावत, कारण त्यांना माहीत असतं की कुणीतरी येऊन बोट फिरवून बघणार आहे.

आपल्या कायद्यातही एक खिडकी आहे. २०१९ च्याच दुरुस्तीत कलम २ ब आलं. वाहन अभियांत्रिकीत नवं संशोधन, नवी कल्पना यांना चालना देण्यासाठी केंद्र सरकार काही प्रकारच्या वाहनांना अटींवर या कायद्यातून सूट देऊ शकतं. खिडकी आहे, पण आमच्या तालुक्यातून तिथवर जाणारा जिना नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. मिस्त्रीला उद्या हायवेवर सोडा, असं मी म्हणत नाही. जिल्ह्यात एखाद्या आयटीआयच्या किंवा पॉलिटेक्निकच्या मैदानावर महिन्यातून एक दिवस, परिवहन खात्याच्या माणसाच्या देखत, अशा गाड्या तपासून द्या. काय बरोबर, काय चूक, लेखी द्या. नंबर नका देऊ, आधी निदान कागद द्या. आमदारसाहेब, खासदारसाहेब, आपण दोघांनीही त्या वेळी मिस्त्रीसोबत फोटो काढले होते. ते माझ्याकडे आहेत. भांडायला काढत नाही, आठवण म्हणून सांगतो. शालीची घडी अजून तशीच आहे. प्रश्न विचारायचा असेल तर कलम २ ब वर विचारा.

आणि आम्हा पत्रकारांसाठी. पुढच्या वेळी कुणी गाडी, विमान, काहीही बनवलं की 'अवलिया' लिहिण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. ब्रेक कुणी तपासला? विमा आहे का? आणि मागून येणाऱ्याचं काय? डिप्लोमाला 'कोण, काय, कधी, कुठे, का, कसं' शिकलो होतो. मागून येणारा त्या यादीत नव्हता. आता मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

शेवटचं सांगतो. मडगार्ड बसवण्याआधी शनिवारीच भाच्याने एक चाचणी घेतली होती. गाडीच्या मागे चासीला दोन बांबू बांधले, त्यांच्यावर स्कूटीवाल्याच्या उंचीची जुनी पांढरी चादर ताणली, आणि त्यांच्याच पडीक रानात पाणी सोडून गाडी चार फेऱ्या फिरवली. चादर वरपर्यंत चिखलाने भरली. चेहऱ्याच्या उंचीवर तर शिंपडाच होता. रविवारी मडगार्ड बसल्यावर तेच रान, तेवढंच पाणी, दुसरी चादर. यावेळी चिखल खालीच राहिला. फक्त उजव्या बाजूला चेहऱ्याच्या उंचीवर दोन ठिपके होते.

मी म्हटलं, "दोनच तर आहेत."

भाचा त्या दोन ठिपक्यांकडे बघत राहिला. मिस्त्रीने काही न बोलता पक्कड घेतली आणि जुन्या टायरचा तुकडा शोधायला लागला, उजव्या मडगार्डला खाली फ्लॅप लावायला. पुढच्या रविवारी ते काम आहे. मी जाणार आहे.

कुणाला यायचं असेल तर या. फोटो काढायला नको, चादर धरायला माणूस हवाय.